एक मिनिट बारा सेकंद

गावाचं नाव विचारू नका. गेवराई तालुक्यातलं, गोदावरीच्या काठचं, एवढ्यावर भागवा. नाव सांगितलं तर उद्या सांगणाऱ्याचाही फोन उघडून बघतील.

आणि बघतात, ही थट्टा नाही. नदीकडून गावात यायला रस्ता एकच. त्या रस्त्यावर बाभळीखाली चार प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याचा जार आणि तोंडात पुडी धरून बसलेली, वाळूचा धंदा चालवणाऱ्या विठ्ठलरावांची चार पाळीव पोरं. शेतावरून कुणी आलं की, "आन बे मोबाईल." मग गॅलरी बघायची, पुसलेल्या फोटोंचा डबा बघायचा, आणि वाळूच्या गाडीचं एखादं चित्र सापडलं की फोन दगडावर ठेवून वरून दुसरा दगड. माणसाचं नशीब बरं असेल तर फोनवरच भागायचं. अहो, एवढा बंदोबस्त गावच्या जत्रेलासुद्धा नसतो!

म्हणून गावानंही एक रीत पाडली होती. नदीवर काही टिपलं तर तिथंच झुडपात बसून ते नेटवर चढवायचं. चढलं की फोनमधून पुसायचं, डबाही रिकामा करायचा, आणि एखादा अभंग लावून साळसूदपणे नाक्यावरून यायचं. "चढवा आन धुवा," असं त्याला म्हणत. शाळेत न गेलेल्या बायांनाही हे ठाऊक होतं. नेटवर चढलेलं कुणाच्या बापाला पुसता येत नाही, असा सगळ्यांचा पक्का समज. तहसीलपर्यंत विठ्ठलरावांचा हात पोचतो, चौकीपर्यंत पोचतो, पण व्हिडिओवाल्या ॲपची कंपनी कुठं तरी परमुलखात, तिथं कसला पोचतोय?

वर्षाराणीला ही रीत पाठ होती. तिचा नवरा आदिनाथ हेच करायचा, दीर अंगदही हेच करायचा. घरातल्या घरात दोघांचं बोलणं ती रोज ऐकायची. आणि तरी तिच्या हातून व्हायचं ते झालंच.

आदिनाथची अडीच एकर जमीन नदीला लागून. वाळू उपसून उपसून काठ खचत वावरात आला, विहीर तळाला गेली, मोसंबीच्या चार ओळी उभ्या वाळल्या. त्यानं अर्ज केले. अर्जांवर शिक्के मिळाले, पोचपावत्या मिळाल्या, वाळूचे ते दहाचाकी हायवा ट्रक मात्र येतच राहिले. फाल्गुनातल्या एका सकाळी, नऊच्या सुमाराला, एक हायवा त्याच्या बांधावरून वावरात शिरला. आदिनाथ जाऊन गाडीच्या मागं उभा राहिला. दोन्ही हात वर करून ओरडत होता, की आता एक पाऊल मागं आलास तर बघ.

गाडी मागं आली. चुकून नाही. एकदा आली, थांबली, आणि पुन्हा आली.

अंगद दोनशे पावलांवर वेड्या बाभळींच्या आड फोन धरून बसला होता. भाऊ बाजूला होईल, या भरवशावर तो टिपत राहिला. भाऊ बाजूला झाला नाही. आणि मग अंगदनं जे केलं ते त्याला आयुष्यभर पुरणार आहे. तो भावाकडं धावला नाही. गाडीभोवती सहा माणसं होती. धावला असता तर फोन गेला असता, बहुतेक तोही गेला असता. तो बाभळीतच बसून राहिला आणि व्हिडिओ चढवला. नेटवर्कची एकच काडी होती. चार मिनिटं लागली. चार मिनिटं तो त्या फिरत्या चक्राकडं बघत बसला, आणि समोर मातीत भाऊ हलत होता, मग हलायचा थांबला. चढला. मग अंगदनं रीतीप्रमाणं फोन धुतला आणि बोंब मारत पळत सुटला.

पोलीस येईपर्यंत आदिनाथ वाळूच्या खड्ड्यात गेला होता आणि त्याच्या अंगावर वरची दरड पाडून झाली होती. पंचनाम्यात लिहिलं, दरड कोसळून मृत्यू. पंच पाच, पाचही विठ्ठलरावांचं मीठ खाणारे. त्या दिवशी वाळूच्या घाटावर हायवा आलाच नव्हता, हेही लिहिलं.

व्हिडिओ एक मिनिट बारा सेकंदांचा. अडीच दिवस तो नेटवर राहिला, चार हजार लोकांनी बघितला. ज्यांनी आपल्या फोनात उतरवून घेतला होता त्यांच्या घरी पहिल्याच संध्याकाळी विठ्ठलरावांची पोरं जाऊन आली, आणि लोकांनी पोरांदेखतच पुसून दाखवला. त्यांना नावं ठेवायला तुमचंआमचं काय जातंय, घर त्यांचं गावात होतं. अंगद म्हणाला, "पुसू द्या. वर हाय ना."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वरचाही गेला.

अंगद वेड्यासारखा झाला. "कोन काढला? कुनाच्या सांगन्यावरून काढला?" तो दारात उभा राहून गावाला विचारत होता. आणि कुणी काढायला लावला ते चुलीपाशी बसलेल्या वर्षाराणीला ठाऊक होतं. तिनंच.

तो दिवस सावडण्याचा होता. घर माणसांनी भरलेलं. नऊ वर्षांची आरोही कुठं दिसेना म्हणून वर्षाराणी शोधायला गेली, तर पोरगी आतल्या खोलीत धान्याच्या कोठीमागं आईचाच फोन घेऊन बसलेली. कुण्या तरी मावसभावानं व्हिडिओची लिंक पाठवली होती, पोरीनं बोट लावलं होतं. त्या ॲपची खोड अशी, की व्हिडिओ संपला की आपोआप पुन्हा पहिल्यापासून सुरू. बाप हात वर करायचा, गाडी मागं यायची, बाप पुन्हा हात वर करून उभा. किती वेळ चाललं होतं देव जाणे. पोरगी रडत नव्हती, हलत नव्हती. खाली लोकांनी लिहिलेलं वर जात होतं. कुणी हात जोडले होते, कुणी शिवी दिली होती, आणि कुण्या मुडद्यानं हसरी तोंडं टाकून लिहिलं होतं, "ड्रायव्हर एक नंबर, रिव्हर्स बघा रिव्हर्स!"

वर्षाराणीनं फोन ओढून घेतला. पोरीला छातीशी दाबून ती म्हणाली, "इसरून जा बाय. समदं इसरून जा. काय बगितलंच न्हाईस तू."

आणि मग त्याच बोटानं तिनं ते कोपऱ्यातले तीन ठिपके दाबले. ॲपनं मराठीत विचारलं, तुम्ही या व्यक्तीचे कोण? तिनं 'पत्नी'वर बोट ठेवलं. त्यानं ओळखपत्र मागितलं. तिनं आधार कार्डाचा आणि रेशन कार्डाचा फोटो काढून पाठवला. अंगदच्या फोनात मूळ व्हिडिओ असेलच, असंच तेव्हा तिच्या मनानं धरलं. 'चढवा' आठवलं, 'धुवा' डोक्यातून गेलं. घरात नवऱ्याची राख मडक्यात ठेवलेली, कोठीमागं लेक दगड झालेली, अशा वेळी कुणाला काय आठवतं, तुम्हीच सांगा.

संध्याकाळी उत्तर आलं: तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत, व्हिडिओ काढण्यात आला आहे. तिला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, खोटं कशाला बोलायचं? सरपंच आला नव्हता, तलाठी आला नव्हता, जमादार तर तिच्यावरच डाफरला होता. त्या आठवड्यात तिच्या दुःखात सहभागी झाली ती ही एक कंपनी. मग अंगद दारात उभा राहून ओरडायला लागला, "मपल्या फोनात न्हाई गं माय, मी धुतला व्हता!" आणि वर्षाराणीचा घास तोंडातच राहिला.

ती बोलली नाही. आज सांगू, उद्या सांगू. सासू छबुबाई भिंतीला टेकून बसलेली, दीर दिवसभर फोनवर. सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

गेवराईच्या कोर्टात तेजश्री नावाची एक तरुण वकील होती, मूळची धारूरकडची, पाच वर्षंच झाली होती कोट चढवून. तिनं अंगदचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "अंगददादा, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं, मला पटतं. पण कोर्टात तुम्ही मयताचे भाऊ. त्यात विठ्ठलरावांनी तुमच्यावर खंडणीचा अर्ज आधीच देऊन ठेवलाय. मला व्हिडिओ पाहिजे, नाही तर निदान गाडीचा नंबर. नंबर मिळाला तर मालक निघतो, टोलनाक्यावरची नोंद निघते, गाडी जप्त करायला अर्ज देता येतो. नंबर पाहिला होता?"

अंगदनं नाही म्हणून मान हलवली. दोनशे पावलांवरून, उन्हात कुठला नंबर? शिवाय वाळूच्या गाड्यांच्या पाट्यांवर ग्रीस थापलेलं असतं. व्हिडिओत मात्र एका जागी ग्रीस पुसलेलं होतं, थांबवून मोठं करून बघितलं की दिसलं असतं. ते बघायला व्हिडिओ तर हवा!

मग सुरू झाली कंपनीशी कुस्ती. कुस्ती तरी कशी म्हणायची, समोर पैलवानच नाही. अंगदनं फेरविचाराचा अर्ज केला. उत्तर आलं, हिंसक दृश्यांबाबतच्या नियमामुळे काढला. पुन्हा केला. तेच उत्तर, शब्दाला शब्द तेच. कंपनीचा फोन नंबर शोधून लावला तर एक बाई इंग्रजीत बोलली, मग हिंदीत बोलली, मग गाणं लागलं आणि फोन कटला. अकरा अर्ज केले त्या पोरानं. "माझा भाऊ मारला आहे, हा पुरावा आहे, लोकांना दाखवू नका पाहिजे तर, मला एकट्याला परत द्या," असं मराठीत लिहिलं, कुणाकडून तरी इंग्रजीत लिहून घेतलं. भिंतीला डोकं आपटलं तर भिंत निदान टेंगूळ तरी देते.

आणि या सगळ्यात एक तुकडा मात्र नेटवर मजेत फिरत होता. अकरा सेकंदांचा. विठ्ठलरावांच्याच कुण्या पोरानं व्हिडिओ जाण्याआधी कापून घेतलेला. त्यात गाडी नाही, मरण नाही. नुसता आदिनाथ, दोन्ही हात वर करून ओरडतोय. आवाज काढून टाकलेला, त्यावर डीजेचं गाणं, आणि वर लिहिलेलं, "सकाळी सकाळी फुल टाईट." दोन लाख लोकांनी बघितला. अंगदनं त्याचीही तक्रार केली, चाळीस वेळा. उत्तर आलं, यात आमच्या कोणत्याही नियमाचं उल्लंघन आढळलं नाही. आम्ही सर्वांच्या अभिव्यक्तीचा आदर करतो.

"ऐका!" अंगद ओरडला. "मानूस मरताना दावला तर नियम मोडतो, आन मरनाऱ्याला हसलं तर मोडत न्हाई! कोन बसलंय बे तिथं? मानूस हाय का मशीन हाय?"

छबुबाईनं नुसतं विचारलं, "ह्यांला आदूचं तोंड चालतं, मंग मरन का चालत न्हाई रं?"

तेराव्याला विठ्ठलराव स्वतः आले. पांढरेशुभ्र कपडे, मागं तीन गाड्या. येऊन छबुबाईच्या पायाशी बसले, कारण माणूस मोठा असला की त्याला कुठं बसायचं ते बरोबर कळतं. "मावशी," ते म्हणाले, "आदिनाथ मला धाकल्या भावासारखा व्हता. दरडीनं घात केला. आन त्या व्हिडिओचं काय ते मी कानावर आलं म्हनून बोलतो. बोलायचं स्वातंत्र्य समद्यांला हाय, माझ्याविरुद्ध रोज बोलतेत, मी कधी काय म्हनलो? पन मरनाचा बाजार मांडायचा का? घरात लहान लेकरू हाय. बापाला असं बगून त्याच्या मनावर काय व्हईल? कंपनीनं काढला ते लई बरं केलं."

वर्षाराणी चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिच्याच मनातले शब्द होते ते. एकेक शब्द तिचा, आणि त्या माणसाच्या तोंडात. ट्रे तिनं तिथंच उंबऱ्यावर ठेवला. ती वळून आत गेली आणि मोरीत तोंड धरून बसली. त्या दिवसापासून तिला झोप लागेनाशी झाली, अन्न गोड लागेनासं झालं. मी लेकराला वाचवलं की ह्याला वाचवलं, हे तिचं तिलाच कळेना.

बाविसाव्या दिवशी अंगदच्या बाराव्या अर्जाचं उत्तर आलं. या वेळी दोन ओळी जास्त होत्या. अंगणात उभं राहून त्यानं मोठ्यानं वाचलं. "सदर मजकूर मृत व्यक्तीच्या निकटच्या नातेवाइकाने ओळखपत्रासह केलेल्या विनंतीवरून काढण्यात आला आहे. विनंती मागे घेण्याचा अधिकार फक्त त्याच नातेवाइकास आहे."

त्यानं ती ओळ पुन्हा वाचली. मग त्याचं तोंड लालभडक झालं.

"नातेवाईक? नातेवाईक कोन? मी हाय, माय हाय, वहिनी हाय. चौथं कोन पैदा झालं?" त्यानं फोन खिशात कोंबला. "खोटं आधार केलं. त्या भडव्या विठ्ठलरावानं आमच्या नावाचं खोटं आधार काढून पाठवलं! आता म्या बगतो." आणि खोपटातली कुऱ्हाड घेऊन तो बाहेर आला.

छबुबाईनं भुईवर पडून त्याचा पाय धरला. "एक गेला रं! दुसरा नको, अंगद! तुपल्या पाया पडते!"

"सोड माय. सोड म्हनतो ना!"

"भाऊजी." वर्षाराणी उंबऱ्यात आली होती. पदर डोक्यावरून घसरला होता, तिला भान नव्हतं. "भाऊजी, खोटं न्हाई ते आधार. मपलं हाय."

अंगदला कळलंच नाही. "काय?"

"म्या पाठवलं. म्या काढाया लावला तो व्हिडिओ. सावडायच्या दिशी." आणि मग तिचा बांध फुटला. "आरू बगत व्हती हो! कोठीमागं बसून पुन्यांदा पुन्यांदा बगत व्हती! खाली लोकं हसत व्हते. मला वाटलं तुमच्या फोनात असंल. देवाशपथ मला वाटलं तुमच्याकडं हाय! मला मारा, मला तोडा त्या कुऱ्हाडीनं, पन तिकडं जाऊ नका!"

कुऱ्हाड अंगदच्या हातातून कधी खाली पडली ते त्यालाही कळलं नाही. तो तुळशीच्या ओट्याला टेकून बसला. त्यानं शिवी दिली असती तर वर्षाराणीला सोसलं असतं. त्यानं दिली नाही.

"वहिनी," तो म्हणाला, "त्यो मातीत हलत व्हता तवा म्या चढवत बसलतो. चार मिनिटं. जित्ता व्हता त्यो तवर. म्या गेलो न्हाई. कावून गेलो न्हाई? ह्याच्यासाठी. ह्या एका व्हिडिओसाठी म्या मपल्या भावाला एकट्याला मरू दिलं."

छबुबाई उठली, सुनेजवळ आली. वर्षाराणीनं मार खायला मान पुढं केली. म्हातारीनं तिचा घसरलेला पदर उचलून डोक्यावर ठेवला आणि म्हणाली, "मागं घ्यायचं म्हनतेत ना? मंग घे मागं. रडतीस काय? घे."

तिघं फोनभोवती बसली. त्याच तीन ठिपक्यांतून जात जात वर्षाराणीनं विनंती मागं घेतली. ॲपनं विचारलं, तुमची खात्री आहे का? हा मजकूर पुन्हा सर्वांना दिसू शकतो. तिनं आत एकदा बघितलं. आरोही शाळेत होती. तिनं 'होय' दाबलं.

उत्तर यायला महिना लागेल, असं वाटत होतं. वीस मिनिटांत आलं. कुटुंबाच्या विनंतीवरून काढलेला मजकूर कुटुंबाच्या भावनांचा आदर म्हणून आमच्या यंत्रणेतून त्वरित व कायमस्वरूपी नष्ट केला जातो. तो परत मिळवता येत नाही. तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत.

कुणी विठ्ठलरावांसारख्यानं शंभर तक्रारी करून काढायला लावला असता तर कदाचित कुठं तरी राहिला असता. तिनं खरं आधार लावलं, खरं नातं सांगितलं, म्हणून तो मुळासकट गेला. खरं बोलण्याचं हे फळ! अंगदनं फोन जमिनीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. छबुबाई "आदू, आदू" म्हणत छाती पिटायला लागली. पोरगा दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं त्या घरात.

तेजश्रीला फोन केला. तिनं कंपनीचं उत्तर दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "सोमवारी पोलीस फाईल बंद करायचा अहवाल देणार आहेत, मला आजच कळलं. त्याच्या आत मला नंबर पाहिजे. आख्खा व्हिडिओ नीट पाहिलेलं कुणी तरी असेल ना? चार हजार लोकांनी पाहिला म्हणता. कुणाला तरी नंबर आठवत असेल."

शुक्रवार गेला, शनिवारची सकाळ गेली. अंगद घरोघर फिरला. हात जोडले, पाया पडला. "म्या बगितलाच न्हाई दादा." "आमच्याकडं नेटच नव्हतं." "बगितला, पन गाडीकडं कोन बगतंय, मानसाकडं बगत व्हतो." एकानं तर तोंडावर सांगितलं, "आठवत असलं तरी आठवत न्हाई, समजून घे." चार हजार लोकांत एक तोंड उघडेना. अंगद दुपारी घरी आला आणि न जेवता ओसरीवर आडवा झाला.

छबुबाई सुनेकडं बघत होती. वर्षाराणीनं ते बघणं ओळखलं, कारण सकाळपासून तेच तिच्याही मनात होतं आणि ती ते ढकलत होती.

"न्हाई आत्या," ती म्हणाली. "तेवढं नका सांगू."

"म्या कुटं काय म्हनले?"

"लेकरू आता कुटं जेवाया लागलंय. आता कुटं रातीची वरडत उठायची थांबलीय."

छबुबाईनं डोळे पुसले. "मला बी काळीज हाय गं बाई. पन सोमवारी दरड म्हनून लिवतील. मंग आदूला मारलंच न्हाई कुनी."

वर्षाराणी दोन तास काही न करता बसून राहिली. उठली तेव्हा तिनं आरोहीच्याच दप्तरातून वही काढली, पेन्सिल काढली. शनिवारची सकाळची शाळा करून आलेली पोरगी कोठीच्या खोलीत चित्राला रंग देत बसली होती. वर्षाराणी तिच्यासमोर मांडी घालून बसली. अंगद दारात येऊन उभा राहिला.

"आरू, त्या व्हिडिओत गाडीचा नंबर दिसत व्हता का गं?"

पोरीनं रंगाचा खडू खाली ठेवला. आईच्या तोंडाकडं बघत राहिली, काही चुकलंय का हे बघावं तसं. "तू म्हनली व्हतीस इसरून जा."

"व्हय बाय. म्हनले व्हते."

"मी रोज इसरते. झोपताना थोडं थोडं पुसते. नंबर पयलाच पुसला, सोपा व्हता." ती थांबली. "पप्पा पुसत न्हाईत."

दारात अंगदनं तोंड फिरवलं. वर्षाराणी पोरीच्या आणखी जवळ सरकली. आता रडली असती तर पुढचं विचारता आलं नसतं.

"डोळे मीट बरं. मीट. आता काय दिसतंय ते मला सांग. मम्मी इथंच हाय."

आरोहीनं डोळे मिटले. "पप्पा हात वर करत्यात. वरडत्यात. ऐकू येत न्हाई नीट, वारं हाय. गाडीतून वाळू गळतीय." ती शाळेत पाठ म्हणावा तसं सांगत होती, एका सुरात. वर्षाराणीनं तो व्हिडिओ कधी शेवटपर्यंत बघितला नव्हता. आता तिला तो लेकीच्या तोंडून ऐकावा लागत होता. "पाटी हाय. काळी हाय. एका बाजूला पुसलीय."

"काय लिवलंय?"

"एम एच तेवीस. मंग ग्रीस. मंग सात." पोरीच्या मिटलेल्या पापण्या थरथरत होत्या. "मंग गाडी मागं येती. पाटी पप्पाच्या मागं जाती. मंग पप्पा..." तिनं डोळे उघडले. "मम्मी, झालं? बास?"

वर्षाराणीनं वहीकडं बघितलं. एम एच तेवीस, पुढं मोकळी जागा, आणि एक सात. अजून तीन आकडे राहिले होते. पोरीच्या वरच्या ओठावर घाम आला होता. वर्षाराणीनं तो पदरानं टिपला, तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि पेन्सिल पुन्हा हातात घेतली.

"न्हाई बाय. पुन्यांदा बग," ती म्हणाली. "पयल्यापासून."